एका नंबरावरची नऊ माणसं

त्या दिवसाची सुरुवात हसण्यानं झाली, हे मला अजून सहन होत नाही.

नांदेडमधल्या एका रक्त तपासणीच्या लॅबसाठी मी वेबसाईट बनवली होती. मुखेड, उमरी, अर्धापूर अशा ठिकाणी लॅबची छोटी केंद्रं होती. तिथं रक्त घ्यायचं, पेटीत घालून एसटीनं नांदेडला आणायचं, आणि तपासणी झाली की पेशंटच्या मोबाईलवर मेसेज पाठवायचा. मेसेजमध्ये पेशंटचं नाव आणि खाली एक लिंक. लिंकवर बोट ठेवलं की माझा प्रोग्राम त्याच घडीला आकडे गोळा करून रिपोर्टची फाईल तयार करी आणि समोरच्या फोनवर पाठवून देई. आधी लोक रक्त द्यायला एकदा आणि रिपोर्ट न्यायला एकदा असे दोन हेलपाटे घालत. ते वाचले म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

इंग्रजी आकडे कुणाला कळणार, म्हणून मी प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी मराठीत निकाल टाकला होता. सगळं ठीक असेल तर हिरव्या पट्टीत ‘सर्व काही नॉर्मल आहे’, आणि आकडा वाईट असेल तर लाल पट्टीत ‘ताबडतोब डॉक्टरांना भेटा’. डॉक्टरांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, त्याचं चारचौघांत कौतुक केलं होतं. लॅबमध्ये पन्नाशीचे एक तंत्रज्ञ होते, सगळे त्यांना दादा म्हणत. पूर्वी एखाद्याचा आकडा फारच बिघडलेला दिसला की दादा हातातलं काम टाकून स्वतः फोन लावायचे. मीच त्यांना म्हणाले होते, ‘दादा, आता कशाला घसा कोरडा करता? मेसेज जातोच की.’ ते ‘बरं’ म्हणाले आणि फोन लावायचे बंद झाले.

आता ती सकाळ. साडेअकराच्या सुमारास लॅबचा फोन वाजला. काउंटरवरच्या बाईनं ऐकता ऐकता तोंडावर हात ठेवला आणि फोनचा स्पीकर चालू केला.

“मी अर्धापूरहून बोलून राहिलो. वय पासष्ट. तुमच्या कागदावर मी गरोदर हाय म्हणून आलंय. आता काय करावं सांगा.”

सगळी लॅब हसली. मीही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसू आवरत मी विचारलं, “काका, घरातल्या अजून कुणाचं रक्त तपासलंय का?”

“सुनेचं तपासलं की. दोन मेसेज आले, दोन्हींत कागद एकच. नंबर माझाच दिलेला, घरात सगळीकडं माझाच नंबर चालतो.” एवढं बोलून ते थांबले. त्यांच्या डोक्यात काहीतरी उजाडलं असावं. “अस्सं होय,” असं अगदी हळू म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

काउंटरवरची बाई अजून हसत होती. मी मात्र हसायची थांबले होते, कारण मला नेमकं काय झालंय ते कळलं होतं.

प्रोग्रामनं तयार केलेल्या फाईलला नाव द्यावं लागतं. मी दिलं होतं पेशंटच्या मोबाईल नंबरचं. प्रत्येकाचा नंबर वेगळा, म्हणजे प्रत्येकाची फाईल वेगळी, असा माझा शहाणपणा. त्यात सर्व्हर फार रेंगाळायला लागला, तेव्हा आदल्याच दिवशी मी आणखी एक अक्कल लढवली होती. त्या नंबरची फाईल आधीच तयार असेल तर नवी बनवायची नाही, तीच उचलून द्यायची. म्हणजे एका नंबरवर दोन माणसं असली तर जो पहिल्यांदा उघडेल त्याचाच रिपोर्ट दुसऱ्यालाही मिळणार. तपासून पाहिलं तेव्हा मी माझा एक नंबर आणि एकच पेशंट घालून पाहिलं होतं.

पुण्यातल्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला चार शब्द सुनावले असते, की बाबा, आमच्याकडं मोबाईल नंबर माणसाचा नसतो, घराचा असतो, कधी कधी तर आख्ख्या गल्लीचा असतो. माझ्या आईच्या गॅसपासून रेशनपर्यंत प्रत्येक कागदावर माझा नंबर आहे. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. मला माहीत होतं, आणि तरी कॉम्प्युटरपुढं बसल्यावर ते मला सुचलं नाही.

आदल्या दिवसापासून एका नंबरवर एकाहून जास्त नावं कुठं कुठं आहेत, त्याची यादी मी काढली. दादा माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले. बहुतेक ठिकाणी नवरा-बायको, सासू-सून, साखर नाहीतर थायरॉईड. मग मुखेडकडचा एक नंबर आला, आणि त्याच्यापुढं नऊ नावं. सगळी एकाच वस्तीवरची. तिथं तापाची साथ होती आणि बाजाराच्या दिवशी सगळ्यांनी मिळून रक्त दिलं होतं. दादा एकेकाचे आकडे वाचत गेले आणि सातव्या नावाशी थांबले.

“प्लेटलेट अठरा हजार,” ते म्हणाले. “तेवीस वर्षांची बाई हाय.”

दीड लाखाच्या वर पाहिजेत, एवढं मलाही माहीत होतं. वीस हजारांच्या खाली गेल्या की आत कुठंही रक्त सुटू शकतं, हे दादांनी सांगितलं. कुणी काय कधी उघडलं याची नोंद सर्व्हरवर राहते. ती मी पाहिली. सकाळी साडेआठला त्या नंबरवरून पहिला रिपोर्ट उघडला होता, एका म्हाताऱ्या बाईचा, चांगला. त्यानंतर पाच-सात मिनिटांत बाकीचे आठ. नऊच्या नऊ जणांना त्या म्हाताऱ्या बाईचा हिरव्या पट्टीचा कागद गेला होता. मेसेजमध्ये नाव ज्याचं त्याचं बरोबर होतं, मग फाईलवरचं बारीक इंग्रजी नाव कोण वाचतंय?

मी त्या नंबरवर फोन लावला. वस्तीवरच्या किराणा दुकानदाराचा, आप्पांचा होता तो. वाचता येणारे म्हणून सगळ्यांनी त्यांचाच नंबर दिलेला. मागं गंजगोलाई बाजारपेठेचा गलका ऐकू येत होता. माल भरायला ते लातूरला गेले होते, आणि फोन त्यांच्या खिशात.

“सगळ्यांचं चांगलं आलं की बाई. मी एकेकाला वाचून दाखवलं आन् मग निघालो.”

“आप्पा, त्यातली एक तेवीस वर्षांची आहे, तिचं चांगलं नाही. तुम्हाला चुकीचा कागद दिसला. चूक माझी आहे. तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला सांगा.”

ते गलक्यातून बाजूला झाले. मग म्हणाले, “ती व्हय? ती लई कण्हू लागली होती सकाळी. मीच मनलं तिला, काही न्हाई माय तुला, मोबाईलमधी नॉर्मल आलंय. आता तिकडं कुणाचा फोन लागंल, रेंज हाय ती फकस्त माझ्या दुकानापाशी. थांबा, बघतो मी.”

मी बाहेर येऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “आधी ते बंद कर.” मी वेबसाईट बंद केली. एकशे आठला फोन लावला तर मुखेडची गाडी दुसऱ्याच पेशंटला घेऊन गेली होती. तिथल्या केंद्रातला माणूस नेहमीप्रमाणे रक्ताची पेटी घेऊन एसटीत बसलेला, अर्ध्या वाटेवर. डॉक्टरांनी त्यांच्या गाडीची किल्ली दादांकडं दिली आणि स्वतः ती यादी घेऊन एकेका घरी फोन लावत बसले.

लोहा, कंधार, पुढं मुखेड. हा रस्ता मी कितीदा गेले असेन, पण इतका लांब मला तो कधी लागला नव्हता. दादा गाडी दामटत होते. मी मांडीवरच्या फोनकडं बघत होते आणि आप्पांचा फोन यावा असं वाटत होतं, आणि येऊ नये असंही. ती मेली असेल, हाच एक विचार डोक्यात होता. त्याच्या पुढं विचार जायचा नाही, परत तिथंच यायचा.

कंधारला आप्पांचा फोन आला. तेही लातूरहून निघाले होते, पण वस्तीवर अजून कुणाला फोन लागला नव्हता. मी तसं दादांना सांगितलं. ते समोर बघतच बोलले.

“काल संध्याकाळीच मी आकडा पाहिला होता. हात फोनकडं गेला माझा. मग मनलं, मेसेज जाईल.”

त्यांनी मला दोष दिला नव्हता. स्वतःलाच दिला होता, आणि तो माझ्या वाट्याचा होता.

आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. आप्पांच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर एक बाई शेंगा निवडत होती. तिला विचारलं तर म्हणाली, “ती घरी कामून असंल? सोयाबीन काढायला गेलीय की सासूसंगं.”

शेत जवळच होतं, पण मी धावत गेले. पाच-सहा बाया ओळीनं कापत चालल्या होत्या. त्यांच्यात ती नव्हती. मग बांधाजवळ, कापून पडलेल्या सोयाबीनला टेकून बसलेली दिसली. जिवंत होती. पदराचा बोळा करून तिनं दातांखाली धरला होता आणि तो लाल झाला होता. कोपरापासून खाली हातभर बारीक तांबडे ठिपके. दादांनी ते पाहिले आणि तिला म्हणाले, “उठू नको माय. अज्याबात उठू नको.”

सासू विळा घेऊनच आली. “काय झालं? कोण तुमी? तिला काही न्हाई झालेलं, आप्पांनी कागद वाचून दाखवलाय. कामाचं नाव काढलं की हिचं सोंग सुरू होतंय.”

“कागद चुकला,” मी म्हणाले. “मी चुकवला.” सासूनं सुनेच्या हाताकडं पाहिलं आणि विळा खाली टाकला. मग दोघींनी मिळून तिला उचलून गाडीपर्यंत आणलं. एका बाजूनं सासू, दुसऱ्या बाजूनं मी.

मुखेडला सलाईन लावली आणि तिथून अँब्युलन्सनं नांदेडला हलवलं. दोन दिवस डॉक्टर लोक नीट काही सांगत नव्हते. ते दोन दिवस मी काय खाल्लं, कुठं बसले, मला आठवत नाही. तिसऱ्या दिवशी आकडा वर सरकला. आठवड्यानंतर ती घरी गेली.

त्या आठवड्यात मी प्रोग्राम मुळापासून बदलला. आता रिपोर्टची फाईल कुठं साठवतच नाही. मागितली की बनते, मागणाऱ्याला मिळते आणि नाहीशी होते. प्रत्येक पेशंटच्या लिंकला वेगळी लांबलचक खूण, कुणाला अंदाजानं सापडणार नाही अशी. रिपोर्टवर नाव मोठ्या अक्षरात आणि मराठीत. आणि दादा पुन्हा फोन लावतात. काम दाखवायला गेले की डॉक्टर आता एकच प्रश्न विचारतात, एका फोनवर दहा माणसं घालून पाहिलीस का? आजही नवं काही चालू करायचं म्हटलं की माझे हात गार पडतात. ते पडावेत असंच मला वाटतं.

आकडा सुधारला त्या दिवशी मी तिचा खरा रिपोर्ट छापून दवाखान्यात घेऊन गेले. तो मी तिला देणं लागत होते. सासू खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मी सगळं पुन्हा एकदा सांगितलं, काही न लपवता. सासूनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग आधी दिसला तो कागद कुणाचा होता?” तो सासूचा स्वतःचाच होता, नऊ जणांतली ती पहिली म्हातारी हीच. पण अर्धापूरच्या सुनेची गोष्ट सगळ्या लॅबसमोर फुटली होती; सगळ्यांच्या देखत कुणाचा कागद कुणाचा हे मी पुन्हा सांगणार नव्हते. “तुम्हाला एकटीला बाहेर सांगते,” म्हणाले. बाहेर सांगितलं, तर ती भिंतीला धरून खाली बसली.

मी परत आत आले. पोरीनं कागद पोटावर धरून ठेवला होता. तिला वाचता येत नव्हतं. तिचं नाव कुठं आहे ते तिनं विचारलं, मी दाखवलं. त्यावर बोट ठेवून ती बराच वेळ बघत राहिली. ती रागावेल, रडेल, मला बोलेल, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “म्हंजे मला खरंच दुखत होतं ना? आप्पांनी नॉर्मल हाय मनल्यावर मलाच वाटू लागलं, आपून सोंग करून राहिलो.”