दाट उगवलेला घेवडा

घेवडा उगवला आणि धाकटी घाबरली.

एरवी उगवलेलं पाहून कुणाला बरं वाटत नाही? पण हा घेवडा रीतीने उगवला नव्हता. एका खड्ड्यात एक कोंब यायचा तिथे चार-चार, पाच-पाच आले होते, जत्थ्याने, एकमेकांना कोपरं मारत. दादाने वाफा पेरला होता, विसरला होता, पुन्हा पेरला होता, पुन्हा विसरला होता. मातीला खोटं बोलता येत नाही. तिच्या पोटात जे टाकाल ते ती एक दिवस चारचौघांसमोर वर काढून ठेवते.

आणि इथे चारचौघं म्हणजे नुसता बोलण्यातला शब्द नव्हता. रविवार होता. थोड्या वेळाने तीन पायांच्या तिकाटण्यावर फोन चढणार होता, आणि फोनच्या त्या इवल्याशा डोळ्यातून कितीतरी माणसं या परसात डोकावणार होती.

धाकटी उकिडवी बसली आणि कोंब उपटायला लागली. एक ठेवायचा, बाकीचे काढायचे. उपटलेले कोंब तिने कंपोस्टच्या काठोकाठ भरलेल्या पिंपात दाबले, वर वाळका पाला पसरला. चोर जसा चोरीचा माल पुरतो तसे. नखांत माती गेली. व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईने नखांत माती जाऊ देऊ नये, असं दादा तिला लहानपणापासून सांगत आला होता.

दादा आणि धाकटी ही सख्खी भावंडं. दादा गिटार वाजवी आणि गाई, धाकटी व्हायोलिन वाजवी. तरुणपणी दोघं एका वाद्यवृंदात होती. हॉटेलांच्या दिवाणखान्यांतून, नाट्यगृहांतून, एकदा तर एका जहाजावरसुद्धा त्यांनी वाजवलं होतं. दादाने स्वतः रचलेली दोन गाणी तेव्हा फार गाजली. एक नदीचं, एक दिव्याचं. पुढे वाद्यवृंद मोडला, धाकटीचा नवरा गेला, मग वहिनीही गेली, आणि दोघं भावंडं पुन्हा एका छपराखाली आली. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे लांबट परस. परस वहिनीचं होतं. ती असताना दादाने तिथे कधी झारीसुद्धा उचलली नव्हती. ती गेल्यावर मात्र तो त्या मातीला असा चिकटला, की गोगलगायीने लाजावं.

रविवारच्या गप्पा दादानेच सुरू केल्या. जुने चाहते विचारायचे, दादा, हल्ली काय करता? मग त्याने फोन लावला आणि म्हणाला, या, बघा काय करतो. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोन खुर्च्या परसात यायच्या. एखादं गाणं व्हायचं, मग लोक फोन जोडून बोलायचे. कुणी सुरांचं विचारी, कुणी गुलाबावरच्या किडीचं, कुणी म्हणे आज भाजीत मीठ जास्त पडलंय, काय करू.

तसा तो मौजेचा माणूस. "व्हायोलिन हे वाद्य नव्हे हो," तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "नणंद आहे ती. कुरकुरल्याशिवाय दिवस जात नाही."

"आणि गिटार म्हणजे जावई," धाकटी उत्तर द्यायची. "कायम मांडीवर आणि कायम फुगलेला."

लोक हसायचे. धाकटीही हसायची. पण गेले काही महिने तिचं हसू ओठांवरून खाली उतरत नव्हतं.

कारण असं विसरत जाणं तिने आधी एकदा पाहिलं होतं. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस. म्हातारपणी त्यांना मोठा काटा कुठला आणि छोटा कुठला हे उमगेना. आणि गल्लीतली पोरं मुद्दाम दुकानाच्या पायरीवर येऊन विचारायची, "काका, किती वाजले?" वडील भिंतीवरच्या डझनभर घड्याळांकडे बघत राहायचे आणि पोरं पोट धरून हसायची. ते हसणं धाकटीच्या कानातून अजून गेलं नव्हतं. दादावर ती पाळी येऊ द्यायची नाही, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं. कुणाला कळता कामा नये. कळलं की हसतील. नाही हसले तर कीव करतील, आणि कीव म्हणजे तोंडावर हात ठेवून हसणंच.

म्हणून तिने एक युक्ती काढली होती. गाण्याआधी वाद्य जुळवायचं असतंच. ती खुंट्या पिळायची, गज तारेवर टेकवायची, आणि जुळवता जुळवता सहज म्हणून गाण्याची पहिली ओळ हळूच वाजवून जायची. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई तारा तपासते आहे. ती ओळ दादाच्या कानावर पडली की त्याच्या चेहऱ्यावर कुणीतरी दिवा लावल्यासारखं व्हायचं, आणि तो गायला लागायचा. एकदा ओळ हातात आली की पुढचं गाणं बैल घरी यावा तसं आपोआप यायचं.

त्या रविवारी पहिला फोन गच्चीवालीचा. ही बाई गच्चीवर डबे-बादल्यांत भाज्या लावायची आणि दर खेपेला दादाचा सल्ला घ्यायची.

"दादा, घेवडा काय सुरेख उगवलाय हो तुमचा!"

धाकटीने पिंपाकडे पाहिलं.

"एका खड्ड्यात एकच ठेवता, म्हणून असा सुटसुटीत दिसतो, नाही का?"

"तर!" दादा खुशीत म्हणाला. "एका खड्ड्यात एक. दाटीवाटी झाली की कुणाचंच भलं होत नाही. आमच्या वाद्यवृंदाचं तेच झालं, गायक सात आणि माईक एक."

नखांतली माती धाकटीने पदराआड लपवली.

दुसरा फोन टपालवाल्यांचा. हे निवृत्त झालेले गृहस्थ, आवाज खणखणीत. "दादा, आज नदीचं गाणं होऊन जाऊ द्या. तुम्ही ते जहाजावर पहिल्यांदा म्हटलं होतं, ते."

"जहाजावर, बरोबर," दादा म्हणाला. "अर्धे लोक ओकत होते, अर्धे टाळ्या देत होते. धाकटे, लाव सूर."

धाकटीने खुंट्या पिळल्या. मन अजून घेवड्यातच होतं, पिंपावरचा पाला वाऱ्याने उडाला तर नसेल? गज टेकवून तिने ओळ वाजवली. दादाचा चेहरा उजळला, त्याने गिटारवर हात टाकला आणि गायला लागला. दिव्याचं गाणं.

मागितलं नदीचं, हा गातोय दिव्याचं. धाकटीने नुसती साथ धरली, म्हटलं जाऊ दे, गाणं तर होतंय. पण पहिल्या कडव्याच्या मध्यावर दादाच्या कपाळाला आठी पडली. त्यालाही आठवलं असावं की लोकांनी दुसरंच काही मागितलं होतं. आणि तिथेच घात झाला.

दोन्ही गाणी एकाच माणसाने एकाच उमेदीच्या दिवसांत रचलेली. दोन्हींच्या कडव्यांचा शेवट हुबेहूब एकाच सुरावर उतरत होता. तिथून उजवीकडे वळलं की दिव्याचा मुखडा, डावीकडे वळलं की नदीचा. दादा दिव्याच्या कडव्यातून उतरला आणि नदीच्या मुखड्यात शिरला. धाकटीला हायसं वाटलं. पण नदीचं कडवं म्हणून तो पुन्हा त्याच वळणावर आला, आणि पाय पुन्हा दिव्याकडे वळले. दिव्यातून नदी. नदीतून दिवा. चकव्यात सापडलेला वाटसरू त्याच झाडाखाली पुन्हा पुन्हा यावा, तसा तो त्या सुरावर येत होता, आणि तिथून निघायची वाट त्याला सापडत नव्हती.

तिने गज जोरात ओढून पाहिला, सूर बदलून पाहिला. पाय आपटून ताल तोडून पाहिला. तो गातच राहिला. आवाज अजून गोड होता, हेच सगळ्यात भयंकर होतं. फक्त डोळे धाकटीकडे लागले होते, आणि त्या डोळ्यांत विहिरीत पडलेल्या माणसासारखं काहीतरी होतं. फोनच्या काचेपलीकडे सगळी माणसं बघत होती. आता कुणीतरी हसेल. आता कुणीतरी विचारेल, किती वाजले?

तेवढ्यात फोनमधून तिसराच आवाज आला. ही नर्सबाई. वर्षानुवर्षं रुग्णालयात काढलेली, दर रविवारी हटकून येणारी. आवाज चढवून ती म्हणाली,

"अहो दादा! मागचा नळ वाहतोय का तुमचा? पाण्याचा आवाज येतोय!"

दादा शब्दाच्या मध्यावर थांबला. वाहत्या पाण्याचं नाव काढलं की झाडं लावणारा माणूस जेवणाच्या ताटावरूनही उठतो. "अगं, नळ!" म्हणत त्याने गिटार धाकटीच्या मांडीवर टाकली आणि लगबगीने टाकीकडे गेला.

धाकटीने कान दिला. नळ बंद होता. एक थेंबसुद्धा गळत नव्हता.

"ताई," नर्सबाई अगदी साध्या सुरात म्हणाली, जसं काही झालंच नाही, "तो पुदिना कुंडीत लावला तर चालतो ना हो? जमिनीत लावला की सगळीकडे पसरतो, असं तुम्हीच म्हणाला होतात."

धाकटी काहीतरी बोलली. काय बोलली ते तिलाच ठाऊक नाही. निरोप घेतला, फोन बंद केला.

थोड्या वेळात फोन पुन्हा वाजला. या वेळी नर्सबाई एकटीच होती.

"ताई, घाबरू नका. आम्हाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"दादांचं. बऱ्याच दिवसांपासून. सगळ्यांत आधी टपालवाल्यांच्या लक्षात आलं. मग आम्ही जुन्या मंडळींनी आपसांत ठरवलं, की दादांना विचारायचं ते असं विचारायचं, की उत्तर प्रश्नातच असेल. त्यांनी नुसतं हो म्हणायचं. कुणी हसत नाही हो ताई. एकदा एक नवीन माणूस हसला, त्याला गच्चीवालीने असा झोडपला की पुन्हा फिरकला नाही."

जहाजावर म्हटलं होतं ते. एका खड्ड्यात एकच ठेवता ना. पुदिना कुंडीत लावला तर. धाकटीला एकेक प्रश्न आठवत गेला आणि प्रत्येकाच्या पोटात उत्तर बसलेलं दिसलं. तुम्हाला वाटेल, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असेल. तसं झालं नाही. पडदा ओढलाय असं समजून कपडे बदलावेत आणि मग कळावं की पडदा कधीच ओढलेला नव्हता, तसं तिला झालं. आपण कोंब पुरत होतो आणि सगळं गाव पिंपात बघत होतं.

"डॉक्टरांना दाखवलंत का?" नर्सबाईने विचारलं.

"बघते," म्हणून धाकटीने फोन ठेवला.

दादा टाकीकडून आला. हात ओले होते. बंद नळ त्याने उघडून पुन्हा बंद केला असावा. खुर्चीत बसला, गिटार पुन्हा मांडीवर घेतली आणि तिच्या लाकडावरून बोट फिरवत राहिला.

"धाकटे, तू सूर लावताना ओळ वाजवतेस ते मला कळतं हं."

धाकटीने गज पेटीत ठेवला.

"पहिल्या दिवसापासून कळतं. म्हटलं, पोरीला वाटतंय मला कळत नाही, वाटू दे. तेवढाच तुला धीर. मला विसरायला होतं. पेरलेलं आठवत नाही. आज उजाडता खिडकीतून बघत होतो, तू घेवडा उपटत होतीस. तेव्हा कळलं मी काय केलं ते."

"दादा, आजचं मनावर घेऊ नकोस. एखाद्या दिवशी होतं असं. मी नदीची ओळ दिली आणि तू—"

"नाही," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. उलट, जपून बोलत होता, काचेचं भांडं उचलावं तसं. "ओळ तू दिव्याची वाजवलीस."

"काहीतरीच! नदीचीच वाजवली मी."

"माझं डोकं गेलंय धाकटे, कान नाही गेला."

धाकटी उठली. रविवारच्या गप्पा फोनमध्ये साठून राहत असत. तिने त्या लावल्या, टपालवाल्यांच्या आवाजापर्यंत नेल्या. खुंट्या पिळल्याचा आवाज आला. मग गज टेकला, आणि तिचं स्वतःचं व्हायोलिन हळूच, स्वच्छ, एकही सूर न चुकवता वाजवून गेलं.

दिव्याची ओळ.

तिने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावायला तिचं बोट धजेना. मन घेवड्यात होतं म्हणून झालं, तिने स्वतःला सांगितलं. भीतीने माणसाचा हात चळतो. पण बाबाही पहिल्यांदा असंच म्हणाले होते, लक्ष नव्हतं म्हणून. रक्त तर एकच होतं. चाळीस वर्षं वाजवलेली ओळ आपण वाजवली, कानांनी ऐकली, आणि आपल्याला दुसरीच ऐकू आली. आतापर्यंत ती दादाच्या मागे उभी राहून विहिरीत डोकावत होती. आज पहिल्यांदा पाण्यात तिला दोन चेहरे दिसले.

दादाने उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात अजून ओलाच होता.

"लहानपणी अंधाराला भ्यायचीस, तेव्हा काय करायचो आपण?"

"तू पुढे चालायचास. मी शर्ट धरायची."

"मग आता कोण पुढे चालायचं ते ठरवू या," तो म्हणाला. हसायला गेला, पण ते जमलं नाही.

धाकटीने फोन उचलला. नंबर लावला. नर्सबाईचा आवाज आला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही डॉक्टरांचं म्हणत होतात. ओळखीचे कुणी असतील तर वेळ घेऊन द्याल का?"

"देते की. उद्याच विचारते. दादांसाठी ना?"

धाकटीने कंपोस्टकडे पाहिलं. वाऱ्याने पिंपावरचा पाला उडाला होता, आणि तिने एवढे जपून दडवलेले कोंब उघडे पडून उन्हात पांढरे दिसत होते. आज पहिल्यांदा कुणीतरी असा प्रश्न विचारला होता, ज्याच्या पोटातलं उत्तर चुकीचं होतं.

"दोघांसाठी," ती म्हणाली. "आमच्या दोघांसाठी."