विजेवरची सीट

आमच्या गाडीची पुढची सीट विजेवर चालायची. दाराजवळचं बटण दाबलं की खाली मोटर घरघरायची आणि लांबलचक सीट सबंधच्या सबंध पुढे-मागे सरकायची. गाडी अमेरिकन. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, कंपनीतला एक गोरा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा ती आमच्याकडे आली. अप्पा सहा फुटी, ड्रायव्हर जेमतेम सव्वापाच. त्यामुळे आठवडाभर सीट पुढे आणि रविवारी अप्पा स्वतः चालवत तेव्हा मागे.

एका गुरुवारी रात्री अप्पांनी गाडी स्वतः नेली होती. शुक्रवारी सकाळी सीट पुढे घ्यायला ड्रायव्हरने बटण दाबलं. उजवी बाजू पुढे गेली, डावी जागेवर राहिली. सीट तिरकी झाली ती तशीच अडकली.

अडकण्याचं कारण मला त्याच क्षणी कळलं. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मी बावीस वर्षांची, दादरच्या शाळेत शिकवत होते, आणि गिरगाव ते परळ पत्रकं वाटायची व्यवस्था माझ्याकडे होती. कोणत्या चाळीला किती, कोण नेणार, कुठे उभं राहणार, सगळं मी लिहून ठेवत असे. अप्पांना फोर्टात सोडून गाडी मला शाळेत न्यायची. असल्या गाडीला पोलीस हात लावत नसत, म्हणून गठ्ठे मी सीटखाली सरकवायची. गुरुवारी गठ्ठा न्यायला ठरलेली मुलगी आली नाही. तो खालीच राहिला आणि डाव्या रुळात गेला. शुक्रवारी संध्याकाळी मी हात घालून ओढून पाहिला. निघाला नाही.

अप्पांच्या कंपनीला आंदोलनाचा वाससुद्धा चालत नव्हता. सोमवारी कलकत्त्याहून नवे साहेब यायचे होते, त्यांना गाडीतून आणायचं होतं. गॅरेजवाल्याने आठ दिवस सांगितले. शनिवारी अप्पा ड्रायव्हरला म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत सीट सरळ झाली नाही तर गावची बोट पकड. वीस वर्षं गाड्या हाकतोस आणि एक बाकडं सरळ होत नाही?"

"होईल साहेब."

तो लालबागला भावाच्या खोलीत राहायचा, घर मालवणकडे. त्याला मी मामा म्हणत असे. रविवारी सकाळी तो इमारतीच्या आवारात आला. मी वही घेऊन शेजारी बसले. निघालेला प्रत्येक भाग लिहून ठेवते, म्हणजे बसवताना गोंधळ नको, असं मी अप्पांना सांगितलं. खरं तर गठ्ठा आधी माझ्या हाती यावा म्हणून मी तिथे होते.

मधल्या मोटरीतून दोन्ही रुळांकडे एकेक फिरती तार जात होती. एक बाजू अडली की तार तिथे घसरते, दुसरी बाजू पुढे निघून जाते. मामांनी पुढचे बोल्ट काढले, सीट उचलून धरली, आत हात घातला आणि काळ्या वंगणात भिजलेला गठ्ठा ओढून काढला. सुतळी रुळाच्या दात्यांत गुंतली होती.

"ताई, ह्या काय?"

"पिशवीत टाका मामा. लवकर."

"काय सापडलं रे?" अप्पा पायरीवरून विचारत खाली आले. वरचा कागद त्यांनी वाचला. "लालबागहून आणलंस?"

"नाय साहेब. माझा नाय."

"मग उंदरांनी छापखाना काढला वाटतं माझ्या सीटखाली?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. "ताईंका इचारा," ते म्हणाले.

अप्पा वळले. "तुझे?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. इथे थांबले असते तरी खोटं पुरेसं होतं. पण मी पुढे म्हणाले, "त्यांच्या चाळीत सगळेच वाटतात."

मामा हसले. "शाळेत पोरांका ह्याच शिकवतास काय ताई?"

"तोंड बंद," अप्पा म्हणाले. "आधी सीट सरळ कर."

आणि मामांनी ती केली. पुढे गेलेल्या बाजूची तार सोडली, मोटर थोडी थोडी चालवून मागची बाजू तिच्या बरोबरीला आणली, दोरी लावून दोन्हीकडचं अंतर मोजलं, मग तार पुन्हा जोडली. दोन तास ते माझ्याशी फक्त "लांब बोल्ट", "वायसर" एवढंच बोलले. मी वहीत बघून देत गेले. एकही भाग उरला नाही.

अप्पा बसले. सीट तीनदा पुढे, तीनदा मागे. "झकास," ते म्हणाले. "चावी ठेव. उद्यापासून येऊ नकोस."

मामांनी रडारड केली नाही. फक्त चिठ्ठी मागितली. आधीच्या मालकाची चिठ्ठी नसेल तर ड्रायव्हरला कोणी दारात उभं करत नसे. अप्पांनी इंग्रजीत सांगितली, माझं अक्षर चांगलं म्हणून मी लिहिली. दोनच वाक्यं होती. गाडीचं काम उत्तम. विश्वासूपणाबद्दल नव्या मालकांनी स्वतः चौकशी करावी.

"काय लिवलास?" मामांनी विचारलं.

मी पहिलं वाक्य मराठीत सांगितलं. त्यांनी चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली.

सोमवारी अप्पांनी गाडी स्वतः काढली. मी शेजारी होते. ऑपेरा हाउसपाशी ते म्हणाले, "सुतळीला तशी दुहेरी गाठ आपल्या घरात एकच माणूस मारतं."

"मग त्यांना का काढलंत?"

"मुलीला काढता येत नाही," अप्पा म्हणाले आणि हॉर्न दिला.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी घरी फोन आला. गावदेवीच्या एक बाई होत्या, त्यांच्या यजमानांना ड्रायव्हर हवा होता. माणूस पसंत होता, पण चिठ्ठीतलं दुसरं वाक्य त्यांना खटकत होतं. "काही चोरीमारी? दारू?" त्यांनी विचारलं. अप्पा घरी नव्हते. बाईंचे यजमान अप्पांच्या क्लबातले होते. मी खरं सांगितलं असतं तर ते यजमानांच्या कानावर गेलंच असतं, आणि तिथून कुठे जाईल याचा नेम नव्हता.

"वडिलांना जे म्हणायचंय ते त्यांनी लिहिलंय," मी म्हटलं.

"म्हणजे काहीतरी आहे तर."

मी 'नाही' म्हणेन म्हणून बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग आभार मानले आणि फोन ठेवला.