त्र्यंबकरावांच्या गाडीत बसणारं माणूस

रविवारची सकाळ. कणीक भिजवून झाली होती, आमचे हे दाढीच्या बोथट पात्याला नावं ठेवत होते, तेवढ्यात कडी वाजली. दारात शेजारचे त्र्यंबकराव. धोतर वर खोचलेलं, हात तेलानं काळे.

"मंदाताई, जरा येऊन गाडीत बसाल का? पेडलवर पाय ठेवायला माणूस हवंय."

कोपरी गावात आमच्या आळीत गाडी ही एकच. युद्धाआधीची, त्यांच्या कचेरीतला साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा घेतलेली. समोरून हँडल मारायचं आणि त्याच वेळी आत कुणीतरी पेडल सांभाळायचं. एकट्याचं कामच नव्हे ते. आतलं माणूस म्हणजे त्यांची बायको, प्रमोदिनीकाकू. मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. बॉनेटमागून त्र्यंबकराव ओरडायचे, "आहेस का?" आणि आतून उत्तर, "आहे हो, जाते कुठं!" सगळ्या आळीला ऐकू जायचं. मार्गशीर्षात काकू गेल्या. गाडीवर टाकलेली ताडपत्री निघाली ती आता, चैत्रात.

तीही आनंदमुळे. हा त्यांचा मुलगा, दादरला असतो. दुपारी येणार होता, आणि गाडी चालत नसेल तर भंगारात देऊन टाकू, असं त्यानं बजावलं होतं.

मी जाऊन बसले. भांडी घासणाऱ्या गंगुबाईचा हात थांबला.

"वयनी, म्हातारबा कुटं नेतात तुमाला?"

"कुठं नाही गं, इथंच."

"इथंच जायला येवढी मोठी गाडी!"

हँडल फिरलं. गाडी लगेच सुरू झाली, मिनिटभर छान घुरघुरली, मग उचकी देऊन गप्प. पुन्हा हँडल, पुन्हा तेच. त्र्यंबकरावांनी प्लग काढून पाहिले. ठिणगी चांगली होती. पेट्रोलची नळी फुंकली, तीही मोकळी. टाकीचं झाकण उघडून काठी बुडवली, पेट्रोल काठोकाठ.

"सुरू होते म्हणजे पेट्रोल येतंय," ते स्वतःशीच म्हणाले. "मग मध्येच अडतं कुठं?"

झाकण लावलं, हँडल मारलं. चालली, आणि बंद पडली. पुन्हा मागे जाऊन काठी. झाकण उघडलं की दर वेळी सुस्स आवाज यायचा, आणि त्यानंतरच गाडी पुन्हा चालायची. हे दोनतीनदा झाल्यावर मला राहवेना.

"काका, घासलेटच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना? एकच असलं तर हवा आत जात नाही, धार अडते. या टाकीला दुसरं भोक कुठंय?"

"झाकणातच असतं की!" म्हणत ते वळले. मीही उतरले.

झाकणावर तेलात कालवलेलं कुंकू वाळून दगड झालं होतं. त्यात दोन अक्षता. दसऱ्याला सगळे गाडीच्या तोंडाशी हळदकुंकू वाहतात. काकूंनी झाकणालाही लावलं होतं. "ही इथूनच जेवते," म्हणाल्या होत्या. बारीकसं भोक त्याखाली पार बुजलेलं. दसऱ्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं, गाडी बाहेर निघालीच नाही, मग कळणार कसं?

मी बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. त्यांनी भोकापुरतंच कुंकू टोकरलं. बाकीचं राहू दिलं.

मी पुन्हा आत जाऊन बसले, त्यांनी हँडल मारलं. या खेपेला गाडी थांबली नाही. घुरघुर चालूच राहिली. आणि बॉनेटमागून सवयीनं हाक आली, "आहेस का?"

मी पेडलवरचा पाय तसाच ठेवून खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आहे, काका."

मग ते फडक्याला हात पुसत खिडकीशी आले.

"आता आनंदला बोलायला जागा नाही," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले, आणि पुसलेलेच हात पुन्हा पुसत राहिले. "मंदाताई, गाडीला आता काही झालेलं नाही. तरी पुढच्या रविवारी थोडा वेळ येऊन बसाल?"