वाढलेली मुदत आणि न वाचलेल्या दोन ओळी

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझा चुलतभाऊ इंडोचायनात शांतता राखायला गेलेल्या भारतीय तुकडीत होता. भरतीला आम्ही बरोबरच गेलो होतो. माझी छाती अर्ध्या इंचानं कमी भरली. काकू त्याचा गॉगल लावलेला फोटो येईल त्याला दाखवायची. "ह्योच व्हय छाती न भरल्याला?" असं पाहुणे मला बघून विचारायचे.

त्याचं लग्न तासगावकडच्या मुलीशी ठरलं होतं, मार्गशीर्षात. दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं. त्या देशात निवडणूक होती, म्हणून तुकडीची मुदत वाढली होती. काकांनी पत्र देऊन मला मुलीकडे पाठवलं. म्हणाले, वैशाखापर्यंत थांबायला सांग.

मुलीचे वडील अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसले होते. मी पत्र वाचून दाखवलं, पण शेवटच्या दोन ओळी वाचल्या नाहीत. त्यांत लिहिलं होतं, 'साहेबांनी लेखी कागद दिलाय, निवडणूक झाली की सुटका, पुन्हा मुदत वाढणार नाही. वैशाखातली तिथी धरा.'

"थांबू की," ते म्हणाले. "वैशाखापतुर काय अवघड न्हाई. पर पुन्यांदा वाढली मुदत तर?"

"परदेशातली निवडणूक, मामा. पुढं गेली तर ह्याचा मुक्कामबी पुढं."

"तुमी थांबला असता, पोरगी घरात ठिवून?"

"मी न्हाई थांबलो असतो."

मला ती मुलगी नको होती. मी तिला धड पाहिलंही नव्हतं. त्याला आणखी एक चांगली गोष्ट मिळू नये, एवढंच. परतीच्या एस.टी.त मला हलकं वाटलं.

मार्गशीर्षातच तिला दुसरीकडे दिली. निवडणूक ठरल्या दिवशी झाली आणि फाल्गुनात तो घरी आला.

"पाच महिनं दम निघाला न्हाई व्हय रं त्यास्नी?"

"मी लय समजावलं, गड्या."

"तू गेलास त्येच लय झालं," म्हणत त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढं त्याचं दुसरीकडे लग्न झालं, मुलं झाली. एकदा त्या मुलीचा भाऊ पोराच्या भरतीबद्दल विचारायला आला. यानं त्याला पाणीही न देता दारातूनच लावून दिलं. "शब्द मोडणारी माणसं," म्हणाला. मी तिथंच खुर्चीवर बसलो होतो.

तो मागच्या वर्षी गेला. ती माणसं वैशाखापर्यंत थांबायला तयार होती, हे त्याला कधीच कळलं नाही.