राणीभोवतीची पावडर

लंडनमधल्या एजवेअरच्या हॉलमध्ये युद्धविरोधी पत्रकं मांडताना कोपऱ्यातल्या बोर्डावरून कॅरमच्या पावडरचा वास आला, आणि मी परत अकरा वर्षांची झाले.

लंडनजवळ स्लाऊला, शेजारच्या तात्याआजोबांना मी कॅरमवर शाळेतला दुसऱ्या महायुद्धाचा धडा शिकवत होते. पांढऱ्या सोंगट्या अमेरिकन, काळ्या जपानी, मधली राणी म्हणजे पॅसिफिकमधल्या टीचभर बेटावरची धावपट्टी.

"लढाई छोटीच होती, आजोबा. पण धावपट्टी ज्याची, त्याची विमानं पुढच्या बेटांपर्यंत पोचणार. म्हणून आधी बॉम्बिंग." मी राणीवर जोरात फुंकर मारली.

"हळू गं. ती धावपट्टी आम्ही बांधली."

"तुम्ही? तुम्ही तर ब्रिटिशांच्या फौजेत होतात ना?"

"सिंगापूरला जपान्यांनी पकडलं आणि बोटीत कोंबून तिथं नेलं. बॉम्ब आपल्याच बाजूचे पडायचे."

"मग तुमची सोंगटी कुठली?"

त्यांनी चिमूटभर पावडर राणीभोवती टाकली.

धड्यात त्या राबवलेल्या कैद्यांवर एक ओळ नव्हती, आणि त्याच धड्यात मला पैकीच्या पैकी मार्क होते. अजून संताप होतो.

हातातलं पत्रक बघितलं. मीच लिहिलेलं: 'समुद्रापारचा हा मोक्याचा लष्करी तळ बंद करा.' तिथं राबतं कोण, याची एक ओळ मीही लिहिली नव्हती.