चोर आहे ती

आमच्या घरात ‘चोर’ हा शब्द लाडाचा. साय पळवणारा चोर, अभ्यास टाळणारी कामचोर, आणि तान्ह्या बाळाने हसून तोंड लपवलं की सासूबाई त्याच्या गालाला बोट लावून म्हणणार, “चोर कुठला!” उठता-बसता तोंडात असलेला शब्द. तो कुणाला लागू शकतो हे माझ्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

झाशीत मराठी घरं थोडी. दाराबाहेर सगळी हिंदी, त्यामुळे मराठी म्हणजे आमचा आडोसा. भाजी शिळी आहे हे भाजीवाल्यासमोर मराठीत सांगायचं, पाहुणे कधी उठणार हेही त्यांच्यासमोरच मराठीत विचारायचं. आवाज खाली आणायची सवयच नाही आम्हाला.

गेल्या चैत्रात, हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी, नथ सापडेना. सासूबाईंच्या सासूबाईंची नथ. मी कपाटं उपसली, गाद्या उलटल्या, साड्यांच्या घड्या झटकल्या. चित्त थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी सिव्हिल लाइन्समधल्या साऱ्या मराठी बायका येणार आणि आधी माझं नाकच बघणार! शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी सासूबाईंना म्हणाले, “आतल्या खोलीत दुसरं कोण जातं? चोर आहे ती.”

ती म्हणजे आमची मौसी. बिजौलीकडून टेम्पोने येते, एकोणीस वर्षं आमचा स्वयंपाक करते. माझी दोन्ही मुलं तिच्याच कडेवर वाढली. त्या वेळी ती तिथेच पोळ्या लाटत होती. “अगं, हळू बोल,” सासूबाई म्हणाल्या. “तिला काय कळतंय मराठी!” मी म्हणाले. लाटणं फिरत राहिलं, म्हणून मीही निर्धास्त झाले.

बिननथीचं हळदीकुंकू झालं. चौथ्या दिवशी शोधता शोधता मी माळ्यावरची गौरींची पेटीही काढली, जी भाद्रपदाशिवाय कुणी उघडत नाही. जुन्या धोतरात गुंडाळलेला थोरलीचा मुखवटा सोडला, तर नथ तिच्या नाकात. विसर्जनाच्या गडबडीत मीच उतरवायची विसरले होते.

आनंद झालाच नाही. मौसीला कळलं असेल का, हा एकच किडा डोक्यात वळवळायला लागला. जी बाई मराठीत रडणाऱ्या आमच्या मुलांना गप्प करायची, तिला इतका साधा शब्द कळला नसेल? तो तर हिंदीतही तोच! मी सकाळभर घरात येरझारा घालत होते. चहा दोनदा उतू गेला. स्वतःचीच इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुपारी ती निघाली तेव्हा मी घाईघाईने म्हटलं, “मौसी, नथ मिल गई. मैं ही भूल गई थी. माफ कर दो.”

“अच्छा हुआ, भाभी जी,” ती म्हणाली. मग तिने आपली पिशवी जमिनीवर ठेवली, उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. चष्मा, फणी, रिकामा डबा, गुडघ्याच्या गोळ्या.

“बघून घ्या,” ती मराठीत म्हणाली. स्वच्छ मराठीत, माझ्या मुलांना येत नाही इतक्या.

तेव्हापासून रोज निघताना ती पिशवी उघडते. मी “राहू दे” म्हणते, हात जोडते, तोंड फिरवते. मी वाकून बघेपर्यंत ती उंबरा ओलांडत नाही.