चाळणीबाईंनी खोडलेल्या उसळ्या

अवकाश संशोधन संस्थेत त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत, आणि त्यात माया मुळीच नव्हती. सव्वीस वर्षं एकाच डुगडुगत्या खुर्चीत बसून त्या यानाने पाठवलेले आकडे निवडत होत्या. सूर्याच्या उलट दिशेला पृथ्वीचं चुंबकीय शेपूट लांबवर पसरलेलं असतं. त्यातून जाताना किती कण कोणत्या वेगाने आदळले, ते यान मोजायचं. यानावरच्या एकाच यंत्रात आकडा उसळला आणि बाकीची गप्प राहिली, तर तो बिघाड समजून खोडायचा आणि खोडल्याच्या चिठ्ठीवर सही करायची, हा साहेबांचा नियम. तोही तोंडी.

बाईंच्या लक्षात आलं, की उसळ्या नेमक्या शेपटाच्या मधोमधच येतात. बिघाडाला जागा कशी कळेल? त्यांनी साहेबांना तसं विचारलं. तुम्हाला आकडे निवडायला ठेवलंय, अक्कल पाजळायला नाही, असं साहेबांनी चारचौघांत सुनावलं. बाईंनी कानाला खडा लावला. पण खोडलेली प्रत्येक उसळी त्या वेळेसकट एका वहीत उतरवू लागल्या.

त्या निवृत्त झाल्या त्याच दिवशी साहेबांचं व्याख्यान होतं. दुसऱ्या एका यानाने उसळ्या खऱ्या ठरवल्या होत्या. शेपटातल्या ताणलेल्या चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळतात आणि रबर सुटावं तसे कण भिरकावले जातात. हे बाईंनी अकरा वर्षांपूर्वी हेरलं होतं, एवढं एक वाक्य साहेबांनी बोलावं, इतकीच बाईंची आस. सकाळी लेकीलाही त्यांनी तसं सांगून ठेवलं होतं.

साहेब तर हा शोध कुणामुळे हुकला ते सांगत पडद्यावर खोडलेल्या नोंदींच्या चिठ्ठ्या दाखवत होते. प्रत्येकीवर बाईंची सही. राहवेना, तेव्हा बाईंनी उठून वही त्यांच्यापुढे ठेवली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

साहेबांनी सावकाश पानं उलटली. "तुम्हाला दिसत होतं, तर खोडलं कशाला, बाई?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

"लेखी आहे?"

सभागृह खदखदून हसलं. वही संस्थेची मालमत्ता म्हणून साहेबांच्या कपाटात गेली. खोडलेल्या उसळ्या पुन्हा शोधण्याचे त्यांचे सहा महिन्यांचे कष्ट वाचले. बाईंना शाल नाही, साधं गुलाबाचं फूलही कोणी दिलं नाही.

घरी लेक दारातच उभी होती.

"आई, नाव घेतलं का गं तुझं?"

बाईंनी चपला काढून नीट जोडीने ठेवल्या. "घेतलं," त्या म्हणाल्या. "प्रत्येक चिठ्ठीला घेतलं."